म्हातारा पाऊस आणि सह्याद्रीच्या दरडी

अंबरनाथ व बदलापूर यांच्या परिसरांत उल्हास नदीच्या कांठीं जांभूळ नांवाचें गांव आहे. बारवी धरणाचें पाणी येथें शुद्ध होऊन भोंवतालच्या कारखान्यांना व शहरांना जातें, एवढीच त्याची बाहेर ओळख. पण या गांवाच्या दक्षिणेस मलंगगड, चंदेरी असे सुळके उभे असून तीच रांग पुढें माथेरानला व तेथून प्रबळगड-इर्शाळगडापर्यंत गेली आहे. या रांगेच्या दक्षिण टोंकाला, खालापूर तालुक्यांत, इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं ती दरडीखालीं गेली. सत्तावीस प्रेतें हातीं लागलीं. सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत, आणि २३ जुलैस शोध थांबविण्यांत आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. माती उपसणारीं यंत्रें वर चढेनात, तेव्हां कुदळफावड्यांनीं जें झालें तेवढेंच झालें.

सरकारदफ्तरीं दरडींचें भय असलेल्या गांवांची यादी होती. तींत इर्शाळवाडीचें नांव नव्हतें.

दरडींचा अलीकडचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे एक गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. २००५ सालीं महाड तालुक्यांत दासगांव, जुई, कोंडिवते, रोहण येथें जवळजवळ दोनशे माणसें गेलीं, तो २५-२६ जुलैचा सुमार होता. आंबेगांव तालुक्यांतील माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळीं गाडलें गेलें. एकशें एक्कावन्न माणसें दगावलीं, आणि गांव नाहींसें झाल्याची पहिली वार्ता एका एस. टी. चालकानें बाहेर नेली. महाडांतील तळीये २२ जुलै २०२१ ला कोसळलें. सर्व तारखा जुलैच्या उत्तरार्धांतल्या! शेतकऱ्यांच्या हिशेबीं हें पुष्य नक्षत्र, किंवा त्याचा उंबरठा. पुनर्वसूच्या पावसाला तो ‘तरणा’ म्हणतो व पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. डोंगरांत मात्र हा म्हाताराच अधिक घातकी ठरलेला आहे.

असें कां व्हावें? सह्याद्रीचा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या थरांवर थर सांचून झालेला. त्याच्या उतारावर माती व कुजलेल्या दगडाचें पांघरूण असतें. उन्हाळ्यांत या पांघरुणाला भेगा पडतात, मृगाचें व आर्द्रेचें पाणी त्या भेगांतून आंत शिरतें, आणि खालीं अभेद्य खडक लागला कीं तेथेंच थबकतें. महिनाभर डोंगर मुकाट्यानें पाणी पीत असतो. वर हिरवळ दिसते, धबधबे दिसतात, मुंबई-पुण्याचीं तरुण मंडळी आनंदानें गड चढूं लागतात. मग तीनचार दिवस संततधार लागते. इर्शाळगडाच्या परिसरांत दरडीपूर्वीं तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचें विधानसभेंत सांगण्यांत आलें. आधींच तुडुंब झालेल्या मातीला तो भार सोसत नाहीं. आंतलें पाणी तिला खडकावरून जणूं उचलूनच धरतें, आणि सारा उतार एकदम निसटतो. जून कोरडा गेला असता तर त्याच पावसानें तेवढा अनर्थ कदाचित् केला नसता.

हिमालयांत हेंच संकट हिमाच्या रूपानें येतें. हंगामाच्या आरंभीं पडलेलें पातळ हिम थंडीच्या कडाक्यांत साखरेसारखें भुसभुशीत होतें, व त्यावर पुढें वाऱ्यानें रचलेला जड थर बसला कीं पाया ढळतो. हिंवाळा दूर आहे, अशा समजुतीवर तेथें विसंबतां येत नाहीं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे शिकाऊ ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं द्रौपदी का डांडा या शिखराच्या वाटेवर हिमस्खलनांत सांपडले आणि एकोणतीस जण प्राणांस मुकले. स्वित्झर्लंडमध्यें दावोस येथील संस्था १९४५ पासून हिमस्खलनाचें पत्रक काढते. बर्फावरून घसरत जाणारे हौशी लोक घराबाहेर पडण्यापूर्वीं तें पाहतात. तेथले निरीक्षक नुसतें आकाश पाहून थांबत नाहींत. हिमांत खड्डा खणून जुन्या थरांची परीक्षा करतात. आपल्याकडे आजच्या पावसाचा आंकडा सर्वांना ठाऊक असतो, पण डोंगरानें जूनपासून किती पाणी सांठविलें याची वास्तपुस्त फारसा कोणी करीत नाहीं.

माळीणच्या वेळीं यंत्रांनीं केलेल्या जमिनीच्या सपाटीकरणाकडे कांहीं जाणत्यांनीं बोट दाखविलें होतें, आणि तें अगदींच निराधार म्हणवत नाहीं. पण इर्शाळवाडीला तें कारण कसें लागू करावें? जेथें माती उपसायला यंत्र चढलें नाहीं, तेथें डोंगर कापायला तें कोठून चढणार! तेव्हां मनुष्याच्या अपराधावर सगळें लोटून यादी करणें पुरेसें नाहीं. जेथें पूर्वीं दरड पडली तेवढींच गांवें तींत घालणें, हेंही नाहीं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें जुलै २०२४ मध्यें कोलकात्यास दरडींचें भाकीत करणारें केंद्र उघडलें. आरंभीं त्याचीं पत्रकें दार्जिलिंग, कालिम्पाँग व निलगिरी यांच्यापुरतीं निघालीं. सह्याद्रीचा त्यांत समावेश नव्हता.

इकडे माळीणच्या वांचलेल्या लोकांसाठीं आमडे येथें नवें गांव वसविण्यांत आलें व २०१७ च्या एप्रिलांत घरें त्यांच्या स्वाधीन झालीं. दोन महिन्यांनीं, जूनच्या पहिल्याच पावसांत, तेथले रस्ते व भराव खचले, आणि पुष्य नक्षत्र लागायला अजून महिना होता.