क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

प्रथिनाचे द्रावण क्षणार्धात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याच्या प्रतिमा घेणे व त्यांवरून रेणूची त्रिमितीय रचना ठरवणे, अशी ही पद्धत आहे. तिला स्फटिक लागत नाही. त्यामुळे स्फटिक बनण्यास दाद न देणाऱ्या पेशीपटलावरील प्रथिनांचा अभ्यास सुकर झाला.

पद्धतीचे मर्म बर्फात आहे. सूक्ष्मदर्शकातील निर्वातात पाणी उडून जाते आणि सावकाश गोठवल्यास त्याचे स्फटिक बनून प्रतिमा बिघडते. झाक दुबोशे यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी हायडेलबर्ग येथे पाणी काचरूप अवस्थेत गोठवण्याची रीत बसवली. ३ मिमी व्यासाच्या ग्रिडवर (धातूच्या बारीक जाळीवर) सच्छिद्र कार्बनचा पातळ पडदा असतो. त्यावर सुमारे ३ मायक्रोलिटर द्रावण सोडून जादा भाग टिपकागदाने टिपतात आणि ग्रिड लगेच द्रवरूप इथेनमध्ये बुडवतात. इथेन गार ठेवायला द्रवरूप नायट्रोजन वापरतात. पण ग्रिड थेट नायट्रोजनमध्ये बुडवल्यास तो उकळतो, ग्रिडभोवती वायूचा थर जमतो आणि गोठणे मंदावते. बर्फ जाड झाला तर रेणू धूसर दिसतात, फार पातळ झाला तर ते छिद्राच्या कडेला ढकलले जातात. नवशिक्यांचा बराच वेळ इथेच जातो, आणि तो जायलाच हवा. खराब ग्रिडची भरपाई कोणतीही संगणकप्रणाली करू शकत नाही.

इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू मोडतात, म्हणून मारा बेताचा ठेवतात. परिणामी प्रतिमेत गोंगाट फार असतो. योआखिम फ्रँक यांनी हजारो रेणूंच्या प्रतिमा जुळवून त्यांची सरासरी काढण्याचे गणित विकसित केले. त्यात एक धोका आहे. निव्वळ गोंगाटाच्या प्रतिमा आइन्स्टाइनच्या छायाचित्राशी जुळवत गेल्यास सरासरीत आइन्स्टाइनच उमटतो! रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये याविषयी सावध केले. म्हणून प्रतिमांचे दोन भाग करून दोन रचना स्वतंत्रपणे काढतात आणि त्या कुठवर जुळतात यावरून विभेदन, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो ते, ठरवतात.

इलेक्ट्रॉन थेट टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे २०१३ मध्ये टीआरपीव्ही१ या पटल-प्रथिनाची रचना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली. २०२० मध्ये ॲपोफेरिटिन या प्रथिनाचे विभेदन सुमारे १.२ अँगस्ट्रॉमवर पोहोचले. दुबोशे, फ्रँक व हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात बंगळूरला या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा आहे.

सूक्ष्मदर्शक हाताशी नसला तरी शिकण्याला सुरुवात करता येते. ‘एम्पायर’ या खुल्या संग्रहात मूळ प्रतिमा मिळतात आणि ‘रेलिऑन’ ही मोफत प्रणाली वापरून बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या प्रतिमांवर सराव करता येतो.