नारळ कुणाच्या हाती?

कामावरून काढून टाकण्याला मराठीत ‘नारळ देणे’ म्हणतात. निरोप देताना हाती श्रीफळ ठेवायची रीत आणि तिच्यावरचा हा खोचक वाक्प्रचार. फुटबॉलच्या जगात नारळ देण्याचा मोसम जवळजवळ ठरलेला असतो. क्लब लागोपाठ पाच-सहा सामने हरला की चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, मॅनेजरला आजच काढा, उद्या उशीर होईल. दुसरा म्हणतो, खेळाडू तेच असताना माणूस बदलून काय साधणार? बीड जिल्ह्यात व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही, पण हा वाद बीडला परका नाही. ११ ऑक्टोबर १९७२ रोजी बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर पंजाब, भारत आणि बंगळुरू या तीन क्रिकेट संघांचे प्रशिक्षक झाले आणि तिन्ही ठिकाणांहून अपयशाच्या सावटाखाली बाहेर पडले. त्यांची कारकीर्द आणि तिच्यामागचा भारतीय क्रिकेटचा साठ वर्षांचा इतिहास एकत्र वाचला की एक गोष्ट वारंवार दिसते. संघ निवडण्याचा शेवटचा अधिकार ज्याच्याकडे नव्हता त्याच्याच हाती नारळ पडतो आणि देणारा हात बहुधा निवडणाऱ्याचा असतो.

प्रशिक्षक हे पद आपल्याकडे फार जुने नाही. त्याआधी नारळाचा मान कर्णधाराचा होता. १९५८-५९च्या मोसमात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला आणि पाच कसोटींत भारताचे चार कर्णधार झाले : पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मांकड आणि हेमू अधिकारी. त्यांतले सगळेच काढले गेले असे नव्हे. संघनिवडीत वरून होणाऱ्या ढवळाढवळीला कंटाळून उम्रीगर मद्रास कसोटीच्या तोंडावर स्वतःच बाजूला झाले. समोर वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांचा तुफानी मारा होता. तो खेळून काढेल अशी फलंदाजी भारताकडे नव्हती आणि नाणेफेकीला कोण जातो यावर ती काही उगवणार नव्हती. मालिका ३-० अशी गेली. पुण्यात जन्मलेल्या अधिकारींनी दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला. त्यांची ती शेवटची कसोटी ठरली. पुढच्याच उन्हाळ्यात दत्ता गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला आणि पाचच्या पाच कसोटी हरून परतला. कर्णधारपदाची खुर्ची फिरत राहिली. तिच्याभोवतीचे बाकी सगळे होते तसेच राहिले.

हेच अधिकारी बारा वर्षांनी मॅनेजर म्हणून परत आले, आणि या प्रश्नावर त्यांच्याइतका नेमका दाखला दुसरा सापडणार नाही. १९७१च्या इंग्लंड दौऱ्यावर ते मॅनेजर होते आणि अजित वाडेकर कर्णधार. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने वाडेकर आधीचे कर्णधार पतौडी यांच्या जागी आले होते. २४ ऑगस्टला ओव्हलवर भारताने इंग्लंडला चार गडी राखून हरवले. फिरकी गोलंदाज चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला होता. विजयाची आठवण म्हणून इंदूरमध्ये खेळाडूंची नावे कोरलेली सिमेंटची प्रचंड बॅट उभी राहिली. तीन वर्षांनी तोच कर्णधार आणि तोच मॅनेजर इंग्लंडला गेले. लॉर्ड्सवर सगळा संघ १७ षटकांत ४२ धावांत आटोपला आणि मालिका ३-० ने गेली. लोकांनी वाडेकरांच्या घरावर दगड मारले, इंदूरची बॅट विद्रूप केली. पुढे पश्चिम विभागाच्या संघातही जागा न मिळाल्यावर वाडेकर निवृत्त झाले. तीन वर्षांत या दोन माणसांची अक्कल गहाण पडली होती का? तारखा पाहिल्या तर वेगळेच काही दिसते. १९७१च्या कसोटी २२ जुलै ते २४ ऑगस्ट या काळात झाल्या, १९७४च्या ६ जून ते ८ जुलै या काळात. इंग्लंडमधला जून म्हणजे ओलसर हवा आणि हलता चेंडू. ऑगस्टअखेरच्या ओव्हलवर फिरकीला वाव. शिवाय १९७१मध्येही ओल्ड ट्रॅफर्डला भारत ४२० धावांचा पाठलाग करताना ३ बाद ६५ असा अडकला होता आणि शेवटच्या दिवशीच्या पावसाने सुटला. एका पावसाचे आणि एका वेळापत्रकाचे श्रेय-अपश्रेय दोन माणसांच्या नावावर चढले.

नव्वदच्या दशकात प्रशिक्षक आले आणि नारळ त्यांच्याकडे वळला. वाडेकर स्वतःच १९९२ ते १९९६ या काळात या जागेवर बसले; त्यांच्यामागून आलेल्या संदीप पाटलांना तर काही महिनेच मिळाले. बांगरांना भारतीय संघात साहाय्यक प्रशिक्षकाची जागा मिळाली तीही कुणाला तरी बाजूला करून. ऑगस्ट २०१४मध्ये भारत इंग्लंडमध्ये ३-१ असा हरला, तेव्हा जो डॉस आणि ट्रेव्हर पेनी या साहाय्यकांना ‘विश्रांती’ दिली गेली आणि रवी शास्त्री, भरत अरुण, आर. श्रीधर यांच्यासोबत बांगर आले. श्रेयाविना काम करणे त्यांना नवे नव्हते. २००२च्या हेडिंग्ले कसोटीत ढगाळ हवेत, हिरवट खेळपट्टीवर त्यांना सलामीला पाठवले होते. त्यांनी ६८ धावा केल्या आणि द्रविडसोबत १७० धावांची भागीदारी रचून नव्या चेंडूची धार बोथट केली. भारताने ती कसोटी एक डाव आणि ४६ धावांनी जिंकली. लोकांना आठवतात ती मात्र द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांची शतके.

२०१९च्या विश्वचषकात भारत साखळीत पहिला आला, आणि उपांत्य फेरीत न्यूझीलंडच्या २३९ धावांचा पाठलाग करताना त्याचे पहिले तीन गडी पाच धावांत गेले. रोहित, राहुल आणि कोहली, प्रत्येकी एक धाव. सामना १८ धावांनी गेला. सगळीकडे एकच प्रश्न विचारला जात होता : चौथ्या क्रमांकावर कोण? अंबाती रायुडूला वगळले होते, विजय शंकर जखमी झाला होता, उपांत्य सामन्यात तिथे ऋषभ पंत खेळला. हा संघ निवड समितीने निवडला होता. ऑगस्टमध्ये त्याच समितीने साहाय्यक प्रशिक्षकांच्या नेमणुका केल्या, अरुण आणि श्रीधर यांना ठेवले आणि बांगरांच्या जागी विक्रम राठोड यांना आणले. इथे बांगरांची वकिली करायची तर आकडे हाताशी आहेत. २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात १३४ धावा करणाऱ्या कोहलीने २०१८मध्ये तिथेच ५९३ धावा केल्या. पण ती मालिकाही भारत ४-१ ने हरला, आणि कोहलीच्या धावा बांगरांच्या खात्यात टाकायच्या तर हा पराभवही टाकावा लागेल. खरे म्हणजे दोन्ही टाकता येत नाहीत. श्रेय मोजायला जी फूटपट्टी अपुरी पडते, ती दोष मोजायला पुरेशी कशी ठरेल?

आयपीएलमधल्या पंजाबचा दाखला याहून ठसठशीत. २०१४मध्ये बांगर मुख्य प्रशिक्षक असताना पंजाबने साखळीतले १४पैकी ११ सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. २०१५मध्ये तीन विजय आणि शेवटचा क्रमांक. २०१६मध्ये चार विजय आणि पुन्हा शेवटचा क्रमांक. मधल्या काळात काय बदलले? निदान एक गोष्ट मोजता येते. ग्लेन मॅक्सवेलने २०१४मध्ये ५५२ धावा केल्या होत्या, २०१५मध्ये १४५. बांगर गेल्यावर ब्रॅड हॉज, माइक हेसन, अनिल कुंबळे, ट्रेव्हर बेलिस असे एकामागून एक प्रशिक्षक आले, आणि २०१७ ते २०२४ या आठ मोसमांत पंजाब एकदाही पहिल्या चारांत आला नाही. २०२५मध्ये रिकी पाँटिंग यांच्या हाताखाली संघ अंतिम फेरीत पोहोचला हे खरे. पण त्याआधीच्या लिलावापूर्वी फक्त दोन खेळाडू ठेवून बाकी सगळा संघ मोडला होता आणि २६.७५ कोटी मोजून श्रेयस अय्यरला आणले होते. या वेळी पीकच नवे होते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे : माणूस बदलल्यावर संघ जिंकल्याची उदाहरणे आहेतच की! चेल्सी या फुटबॉल क्लबने मार्च २०१२मध्ये मॅनेजर व्हिलास-बोआस यांना काढले आणि मे महिन्यात रॉबर्टो दी मातेओ यांनी क्लबला युरोपचा चषक मिळवून दिला. पण नोव्हेंबरमध्ये त्याच दी मातेओंना नारळ मिळाला. चषक त्यांना सहा महिनेच पुरला. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्सच्या अव्वल फुटबॉल लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. मॅनेजर काढल्यावर क्लब सावरतात, हे त्यांना दिसले. पण तितकाच घसरलेला जो क्लब मॅनेजर ठेवतो, तोही तसाच सावरतो. घसरगुंडीच्या तळाशी असलेला संघ एरवीही वरच येतो, आणि नवा माणूस नेमका त्याच क्षणी दारात उभा असतो. बंगळुरूचा आक्षेप अधिक कठीण आहे. २०२३मध्ये सहावा क्रमांक आल्यावर बांगरांच्या जागी अँडी फ्लॉवर आले आणि २०२५मध्ये बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली. बदल फळला, हे इथे मान्य करावे लागते. मात्र फ्लॉवर यांच्या पहिल्या मोसमात बंगळुरूने पहिल्या आठपैकी सात सामने गमावले होते. त्या एप्रिलमध्ये नेहमीचा न्याय लावला असता तर फ्लॉवर यांचेही सामान बांधून झाले असते. मालकांनी थांबायचे ठरवले, संघाने पुढचे सहा सामने सलग जिंकून बाद फेरी गाठली आणि वर्षभराने चषक आला. या उदाहरणातून बदलाइतकाच धीराचाही पुरावा मिळतो.

दुसरा आक्षेप असा की मग जबाबदारी कुणाचीच राहत नाही. पगार घ्यायचा आणि पराभव पावसावर ढकलायचा. हा आक्षेप खोटा नाही, पण त्याचे उत्तर बीडमधल्या कुठल्याही ऊसतोड कुटुंबाला विचारावे. दिवाळीच्या सुमाराला टोळी कारखान्यावर जाते ती मुकादमामार्फत आणि मजुरी मिळते टनावर. पाऊस हुकून उभा ऊसच वाळका निघाला, तर मुकादम बदलून एक टनही वाढत नाही. पण मुकादमाने उचल दाबली, हिशेब लपवला किंवा कोयते जमवलेच नाहीत, तर पुढच्या हंगामाला त्याच्याबरोबर जाऊ नये. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि फडातल्या माणसाला त्या वेगळ्या कळतात. प्रशिक्षकाचेही तसेच. सराव ढिला असेल, खेळाडूंशी भांडणे होत असतील, तयारीत कसूर दिसत असेल, तर तळाला जायची वाट न पाहता, अगदी जिंकत असतानाही त्याला बदलावे. पण संघ दुसऱ्या कुणी निवडला असेल, खेळपट्टी आणि महिना दुसऱ्या कुणी ठरवला असेल, तर आधी त्या दुसऱ्याला जाब विचारावा. बांगरांना २०१९मध्ये बाहेर ठेवले गेले, तेव्हा त्यांच्या नेमक्या कोणत्या निर्णयामुळे सामना गेला, हे सांगायची गरज ठरवणाऱ्यांना वाटली नाही. पुढच्या वेळी नारळ देण्याआधी निदान तेवढे तरी सांगावे.