स्त्रीचिन्हाचा क्रमांक

२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्यातल्या सुमारे ११ लाख ७७ हजार माणसांच्या लिंगाची नोंद प्रत्येकी एका अंकाने झाली: पुरुष १, स्त्री २, इतर ३. इथे ♀ किंवा ♂ ची गरजच नव्हती. रकाना ठरलेला असला की अंक पुरतो. आयएसओ ५२१८ या आंतरराष्ट्रीय मानकातही पुरुष १ आणि स्त्री २; मात्र तिथे ० म्हणजे माहीत नाही, ९ म्हणजे लागू नाही, आणि ३ नाहीच. म्हणजे जनगणनेतला ‘इतर’ त्या मानकात जसाच्या तसा बसत नाही.

♀ मात्र रकान्याबाहेर, मोकळ्या मजकुरात फिरते. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक यू+२६४०, ♂ चा यू+२६४२. यूटीएफ-८ पद्धतीत ♀ ला ई२, ९९, ८० असे तीन बाइट लागतात. ‘हिंगोली’तल्या ‘ह’लाही तीनच. क्रमांक आकृतीला मिळतो, अर्थाला नाही. शुक्र ग्रह, जुन्या किमयाशास्त्रातले तांबे आणि स्त्री या तिघांनाही हीच खूण, हाच क्रमांक. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने अठराव्या शतकात ती जीवशास्त्रात आणली.

शेतीशास्त्रात या खुणेला खरे काम आहे. संकरित कापसाच्या वंशावळीत मादी-वाण आधी आणि नर-वाण नंतर लिहायचा संकेत आहे. क्रम उलटला तर ♀ ♂ लावावेच लागतात. मधला गुणाकार यू+००डी७, पण टंकणारे सर्रास इंग्रजी एक्स दाबतात आणि मग शोध फसतो. हिंगोली जिल्ह्यातल्याच वसमतच्या हळदीला हे सोपस्कार नकोत. ती लावतात गड्ड्यांपासून, बियांपासून नव्हे.

जुन्या आयबीएम पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या संकेततक्त्यात ♂ ला ११ आणि ♀ ला १२ हे क्रमांक होते. पण १२ हाच छपाईयंत्राला ‘पान सोड’ सांगणारा आदेशही होता, त्यामुळे पडद्यावरचे स्त्रीचिन्ह कागदावर कोरे पान होऊ शकत असे. त्या काळच्या मराठी फॉन्टांचे दुखणेही याच जातीचे: रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी बसवलेली, फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा.

आज अडचण वेगळ्या जागी आहे. २०१६ पासून धावणाऱ्या स्त्रीचे इमोजी असे बनते: धावणारी व्यक्ती, मग न दिसणारा जोडक यू+२००डी, मग ♀, आणि शेवटी रंगीत रूप मागणारा यू+एफई०एफ. हाच जोडक मराठीच्या ओळखीचा आहे. ‘शेतकऱ्याला’ मधला आडवा र दोन रीतींनी साधतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे हा जोडक देऊन. दिसायला दोन्ही सारखे. साधा शोध मात्र एकात दुसरे सापडवत नाही. एखाद्या प्रणालीने अदृश्य वर्ण ‘साफ’ केले, तर धावणारी बाई म्हणजे एक धावक आणि शेजारी सुटे ♀ असे दोन तुकडे होतात, आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार चढतो. मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रणालीने हा जोडक कधीही आंधळेपणाने काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तृतीयपंथी चिन्ह ⚧ २००५ मध्येच यू+२६ए७ वर आले. तृतीयपंथी ध्वजाचे २०२० चे इमोजीही पांढऱ्या झेंड्याला याच जोडकाने ते जोडून होते.

एका ठिकाणी मात्र क्रमांकाला काहीच किंमत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. केंद्राच्या कायद्याच्या कलम ५ नुसार गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा इतर कोणत्याही रीतीने कळवणे निषिद्ध आहे. सोनोग्राफीनंतर मोबाइलवर आलेले ♀, पेढा-बर्फीची चित्रे किंवा नुसता २ हा आकडा: संगणकासाठी ही वेगवेगळी अक्षरे, आणि एकच अक्षर हुडकणारी चाळणी बाकीची सोडून देईल. कायदा पाहतो तो काय कळवले गेले ते.