तळटीप : खडकीतील उमेदवाराचा खर्च

खडकीचा कारभार पुणे महापालिकेकडे नाही, कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. अध्यक्ष लष्करी अधिकारी. इथली मागची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. पुढची ३० एप्रिल २०२३ ला होणार असे जाहीर झाले, पण ती त्याआधी मार्चमध्येच रद्द झाली. पत्रके, फ्लेक्स, भोंगा लावलेली रिक्षा, बूथवरच्या कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता हा सगळा खर्च उमेदवार स्वतःच्या खिशातून किंवा पक्षाकडून करतो. सरकारी तिजोरीतून त्याला काही मिळत नाही. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये निवडणूक खर्चासाठी सरकारी मदत सुचवली, तीही रोख नव्हे, वस्तुरूपाने, आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. अपक्षांना त्यात जागाच नव्हती. वॉर्डाच्या निवडणुकीत अपक्षाला वगळणारी मदत, आमच्या मते, अन्यायाचीच.—संपादक