सायकल व्यवसायाचा विमा : पॉलिसी आहे, पण कशाची?

'सायकलींचे शहर' ही पुण्याची ओळख आता जुनी झाली असली, तरी राज्यातील बाजारपेठांत सायकल विकणारी आणि दुरुस्त करणारी दुकाने आजही टिकून आहेत. पूर्वी पंक्चर काढणे, चाकाचा आऊट काढणे आणि तासाच्या दराने सायकल भाड्याने देणे, एवढ्यावर चालणाऱ्या या धंद्यात आता हजारो रुपयांच्या गिअरच्या आणि बॅटरीवरच्या सायकली आल्या आहेत. मालाची किंमत वाढली, तशी जोखीमही वाढली.

ज्या दुकानदाराने बँकेकडून कर्ज घेतले आहे, त्याच्याकडे विम्याचा कागद बहुधा असतो. कारण तारण मालाचा विमा बँकच मागते. मात्र तो विमा बँकेचे कर्ज सुरक्षित राहावे म्हणून उतरवलेला असतो. दुकानदाराच्या साऱ्या जोखमी त्यात येतीलच असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पॉलिसी आहे की नाही, यापेक्षा तिच्यात काय लिहिले आहे, हा प्रश्न मोठा ठरतो.

आग, पूर आणि विम्याची रक्कम

लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून दोन प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहेत. एका ठिकाणच्या विमायोग्य मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. आग, वीज कोसळणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल अशा आपत्तींनी इमारत, यंत्रे, फर्निचर व माल यांचे होणारे नुकसान त्यांत येते. मात्र दमट हवेत हळूहळू चढलेला गंज किंवा नेहमीची झीज यांची भरपाई मिळत नाही.

येथे पहिली चूक होते ती रकमेची. समजा, दुकानात २० लाखांचा माल आहे आणि विमा १० लाखांचाच आहे. आगीत ४ लाखांचा माल जळाला, तर पूर्ण ४ लाख मिळतील असा दुकानदाराचा समज असतो. प्रत्यक्षात विमा निम्म्याच मालाचा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे २ लाखांच्या आसपास बसते. वरील दोन्ही पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. त्याहून मोठी तूट दुकानदाराच्या अंगावर येते. शाळा सुरू होण्याच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर माल वाढत असेल, तर विम्याची रक्कम त्या दिवसांतील साठा धरून ठरवावी. गोदाम वेगळ्या जागी असल्यास त्याचा पत्ता पॉलिसीत असलाच पाहिजे.

चोरीचा विमा वेगळा

चोरी-घरफोडीसाठी सहसा स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते किंवा दुकानदारांसाठीच्या एकत्रित पॉलिसीत तो भाग निवडावा लागतो. कुलूप, शटर किंवा भिंत फोडून झालेली चोरी त्यात येते. 'एक फेरी मारून बघतो' म्हणून नेलेली सायकल परत आलीच नाही, तर तो दावा सहसा मान्य होत नाही. दुकानाबाहेर फुटपाथवर मांडलेल्या सायकलींबाबतही आधीच विचारणा करावी. लुधियानासारख्या उत्पादन केंद्रातून येणाऱ्या मालाच्या वाटेतील नुकसानीसाठी वाहतूक विमा असतो. तो खरेदीदाराने काढायचा की विक्रेत्याने, हे मागणी नोंदवतानाच ठरवून घ्यावे.

ग्राहकाची सायकल कोणाच्या जोखमीवर?

दुकानातली प्रत्येक सायकल दुकानदाराची नसते. दुरुस्तीला आलेली सायकल हा विश्वासाने ताब्यात दिलेला माल होय. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार सामान्य समंजस माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी दुकानदाराने घ्यायची असते. ती घेतली नाही, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. केवळ 'स्वतःचा माल' असे लिहून घेतलेल्या पॉलिसीत ही सायकल येत नाही. म्हणून 'विश्वासाने ताब्यात असलेला इतरांचा माल' असा स्पष्ट उल्लेख करून त्याची रक्कम वेगळी नोंदवावी. सायकल घेताना तारीख, वर्णन आणि अंदाजे किंमत लिहिलेली पावती दिल्यास दाव्याच्या वेळी तीच पुरावा ठरते.

सायकल दुकानाबाहेर पडल्यावर

सर्वांत दुर्लक्षित जोखीम दायित्वाची आहे. ब्रेकची तार नीट आवळली नाही किंवा फ्रेमचा सांधा तुटला आणि स्वार जखमी झाला, तर दावा दुकानदारावर किंवा उत्पादकावर येऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा असे तिघेही त्याच्या कक्षेत येतात. उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते. बिलाशिवाय घेतलेले सुटे भाग विकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

यासाठी उत्पादन दायित्व आणि सार्वजनिक दायित्व असे विमे मिळतात. सायकल दुकानाला ते सक्तीचे नाहीत. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता आहे. उत्पादन दायित्वाची पॉलिसी सामान्यतः दावा ज्या काळात दाखल होतो, त्या काळापुरती चालते. मध्येच नूतनीकरण थांबवल्यास जुन्या विक्रीवर नंतर आलेला दावा उघडा पडतो.

कामगार आणि बॅटरी

कामावर झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत नसलेल्या लहान कार्यशाळांनी त्यासाठी स्वतंत्र विमा घ्यावा. प्रेस आणि वेल्डिंगचे काम चालणाऱ्या कारखान्यांनी तो टाळूच नये.

२५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेगाची, अन्य विहित अटी पाळणारी बॅटरीची सायकल मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी व वाहन विमा लागत नाही. त्यापुढच्या वाहनांना दोन्ही सक्तीचे आहेत. दुकानात लिथियम बॅटऱ्यांचा साठा किंवा चार्जिंग होत असेल, तर प्रस्तावपत्रात तसे लिहावे. ही माहिती दडवल्यास आगीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

दावा नाकारल्यास

नुकसान होताच विमा कंपनीला लेखी कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्व्हेअरने पाहणी करेपर्यंत खराब माल फेकू नये. साठ्याची वही आणि खरेदीची बिले यांची प्रत दुकानाबाहेर ठेवावी. अन्यथा मालाबरोबर पुरावाही जळतो. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर एकल मालकीच्या व्यवसायांना आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. त्याची कार्यालये मुंबई व पुण्यात आहेत.

पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख आली की केवळ हप्ता भरून मोकळे होऊ नये. पत्ता, साठ्याची रक्कम, ग्राहकांच्या सायकली आणि दायित्व या चार गोष्टी त्या दिवशी तपासून पाहाव्यात.