चोवीस तासांची बाई आणि घरातला मुका सोबती

काशीगाव हे १९८५ साली मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन होईपर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. २००२ साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाली आणि पुढच्या दोन दशकांत मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या या परिसरात उंच गृहसंकुले उभी राहिली. या संकुलांत राहणारी नोकरदार दांपत्ये सकाळी मिरा रोड स्थानक गाठतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मागे घरात उरतात तान्हे मूल, त्याला सांभाळणारी चोवीस तासांची बाई आणि मुलाच्याही आधी घरात आलेला कुत्रा वा मांजर. या तिघांपैकी दोघांना बोलता येत नाही. म्हणूनच बाई प्राण्याला मारते, उपाशी ठेवते किंवा कोंडून ठेवते अशी शंका आली, की घरातील माणसे गोंधळून जातात. बाई गेली तर नोकरी कशी करायची, आणि ती राहिली तर मूल व प्राणी सुरक्षित आहेत का, अशा पेचात अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने काढतात.

शंका आणि खात्री

वागणुकीतील बदल हा पहिला संकेत असतो. हात उचलताच कुत्र्याने दबून बसणे, विशिष्ट व्यक्ती खोलीत येताच पलंगाखाली शिरणे, झाडू वा चप्पल पाहून थरथरणे, शिस्त लागलेली असूनही घरात लघवी करणे, मांजराने दिवसभर कपाटावरून न उतरणे, संध्याकाळी पाण्याचे भांडे कोरडे ठणठणीत आढळणे ही त्याची काही उदाहरणे होत. तथापि यांतील जवळजवळ प्रत्येक लक्षणाला दुसरे कारण असू शकते. कानाचा संसर्ग, सांधेदुखी, गोचिडांमुळे येणारा ताप किंवा मूत्रमार्गाचा विकार यांमुळेही प्राणी असाच वागतो. घरात बाळ आल्यानंतर आपल्याकडे दुर्लक्ष होते आहे, या ताणानेही तो बदलतो. म्हणून आरोप करण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. मुका मार, जुनी जखम किंवा भाजल्याची खूण आढळल्यास तसे लेखी प्रमाणपत्र मागावे. छायाचित्रे काढून त्यांवर तारीख नोंदवावी.

घरात कॅमेरा लावण्यास हरकत नाही. मात्र तो बाईला सांगून लावावा आणि दिवाणखाना, स्वयंपाकघर व मुलाची खोली एवढ्यापुरताच ठेवावा. बाई जिथे झोपते वा कपडे बदलते तिथे, तसेच स्नानगृहात कॅमेरा लावणे हा तिच्या खासगीपणावर घाला आहे. स्त्रीच्या अशा खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. शिवाय कॅमेरा असल्याचे उघडपणे सांगितल्यामुळे पुष्कळदा गैरप्रकार आपोआप थांबतात.

भीती, हेळसांड की क्रौर्य?

सर्वच गैरवर्तन एका तराजूत तोलता येत नाही. पहिला प्रकार भीतीचा. रस्त्यावरच्या कुत्र्यांखेरीज ज्यांचा प्राण्यांशी संबंधच आलेला नाही, त्यांना सोफ्यावर बसणारा लॅब्रेडॉर हा वाघासारखा वाटू शकतो. अशी बाई त्याला हुसकावते, दाराआड ठेवते. दुसरा प्रकार हेळसांडीचा. बाईला मुलासाठी ठेवलेले असते, पण हळूहळू कुत्र्याचे जेवण, फिरवणे, केस झाडणे, घाण काढणे ही कामे न सांगता, न विचारता तिच्या गळ्यात पडतात. पगार मात्र तोच राहतो. त्याचा राग मालकावर काढता येत नाही, तो जनावरावर निघतो. तिसरा प्रकार चुकीच्या समजुतीचा. ‘मारल्याशिवाय कुत्र्याला वळण लागत नाही’ असे प्रामाणिकपणे मानणारी माणसे सुशिक्षित घरांतही कमी नाहीत. चौथा प्रकार निव्वळ क्रौर्याचा: लाथा मारणे, चटके देणे, गळपट्ट्याला धरून उचलणे, मुद्दाम उपाशी ठेवणे.

पहिल्या तीन प्रकारांवर बोलून उपाय निघू शकतो. चौथ्यावर निघत नाही.

कोंडून ठेवण्याचा प्रकार वरकरणी किरकोळ वाटतो, पण एप्रिल-मे महिन्यांत तो जिवावर बेततो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. किनारपट्टीच्या दमट हवेत ही क्रिया मंदावते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत दुपारी कोंडलेल्या कुत्र्याला, विशेषतः पगसारख्या आखूड नाकाच्या जातीला, थोड्या वेळातही उष्माघात होऊ शकतो.

प्रश्न केवळ प्राण्याचा नाही

सतत मार खाणारा प्राणी एक दिवस उलटतो आणि त्या वेळी त्याच्या सर्वांत जवळ बहुधा रांगते मूल असते. गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना असते. गुरगुरल्याबद्दल त्याला मारत गेल्यास तो सूचना देणे सोडतो आणि थेट चावतो. चावा वा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. प्राण्याचे रेबीजप्रतिबंधक लसीकरण वेळच्या वेळी झालेले असणे, हा मूल आणि बाई या दोघांचाही हक्क आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेत न्यू जर्सी येथे मुलांवर अत्याचार वा हेळसांड झालेल्या ५३ कुटुंबांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. मुलांना शारीरिक मारहाण होत असलेल्या कुटुंबांपैकी ८८ टक्के घरांत प्राण्यांवरही अत्याचार झाल्याचे त्यात आढळले. हा निष्कर्ष घरच्या माणसांविषयीचा आहे. कुत्र्याला हुसकावणारी प्रत्येक बाई मुलालाही मारते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मात्र आपल्याहून दुबळ्या, तक्रार करू न शकणाऱ्या जिवावर जाणूनबुजून हात टाकणाऱ्या व्यक्तीच्या हाती दुसरा तसाच जीव सोपवावा का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. मुलाच्या अंगावरील खुणा, झोपेतील दचकणे, बाईकडे जाताना रडणे यांकडेही त्याच वेळी लक्ष द्यायला हवे.

बोलणे कसे करावे?

शेजारी, मूल किंवा इतर कामकरी यांच्यासमोर विषय काढू नये. मूल झोपलेले असताना, घरातील दोन्ही मोठी माणसे हजर असताना शांतपणे बोलावे. ‘मावशी, तुम्ही मोतीला मारता’ या आरोपाऐवजी ‘मावशी, मोती हल्ली घाबरल्यासारखा राहतो. दिवसभर काय काय होते?’ असा प्रश्न विचारल्यास खरी अडचण बाहेर येण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात आणि कागदावर लिहून काढाव्यात.

* प्राण्याची कोणती कामे बाईकडे आहेत आणि कोणती नाहीत. असतील तर त्यांचा वेगळा मोबदला किती.
* प्राण्याला हात लावायचा नाही, ओरडायचे नाही. त्रास होत असेल तर फोन करायचा.
* मुलाच्या खोलीच्या दारात लहानसे फाटक बसवावे, म्हणजे प्राण्याला न कोंडताही दोघांना वेगळे ठेवता येते.
* बाईला रोजची विश्रांती आणि आठवड्याची सुटी मिळावी. थकलेल्या माणसाकडून संयमाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.
* दोन आठवड्यांनी पुन्हा एकत्र बसून आढावा घ्यावा.

भीती जात नसेल, तर दिवसा प्राण्याला नातेवाईक वा खात्रीच्या पाळणाघरी ठेवणे किंवा फिरवण्यासाठी वेगळा माणूस नेमणे हा मार्ग उरतो. तोही शक्य नसेल, तर बाईने दुसरे घर पाहावे हेच सर्वांच्या हिताचे.

कायदा काय म्हणतो?

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या पाठपुराव्यातून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा अस्तित्वात आला. त्याच्या कलम ११ मध्ये मारणे, लाथाडणे, अपुऱ्या जागेत कोंडणे, अन्नपाणी न देणे यांचा समावेश आहे. शिक्षा मात्र तुटपुंजी आहे: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे वा अपंग करणे यांसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पाळणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी तरतूद कलम ११ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. क्रूरता टाळण्यासाठी वाजवी काळजी व देखरेख न ठेवणारा मालकही गुन्हेगार मानला जातो. ‘आम्ही घरी नव्हतो’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

अशी प्रकरणे आता पोलिसांपर्यंत जाऊ लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्यातील प्राण्यांच्या एका दवाखान्यात चाऊ चाऊ जातीच्या कुत्र्याला कर्मचारी ठोसे मारत असल्याची चित्रफीत पसरली आणि गुन्हा नोंदवला गेला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस बंगळूर येथे लिफ्टमध्ये पिल्लाला आपटून मारल्याचा आरोप त्याच्या देखभालीसाठी नेमलेल्या महिलेवर झाला. तेथेही सीसीटीव्हीतील दृश्ये हाच मुख्य पुरावा ठरला.

निरोप देताना

क्रौर्याची खात्री पटल्यास त्या क्षणापासून मूल व प्राणी यांना त्या व्यक्तीसोबत एकटे ठेवू नये. पालकांपैकी एकाने रजा घ्यावी. पण रागाच्या भरात मारहाण करणे, खोलीत डांबणे, फोन वा ओळखपत्रे काढून घेणे हे प्रकार मालकालाच आरोपी बनवतात. डांबून ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम १२७ नुसार गुन्हा आहे. केलेल्या दिवसांचा पगार पूर्ण द्यावा, पावती घ्यावी. राहती बाई काम सुटताच बेघरही होते, हे विसरू नये. रात्री तिला बाहेर न काढता सकाळी गावी वा नातेवाईकांकडे सुखरूप पोहोचण्याची सोय करावी. तक्रार करायची असल्यास पशुवैद्याचे प्रमाणपत्र, छायाचित्रे व चित्रण घेऊन स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मुलाला इजा झाल्याचा संशय असल्यास १०९८ या क्रमांकावर मदत मिळते.

नवी बाई ठेवताना मात्र सुरुवात उलट बाजूने करावी. घरात प्राणी आहे हे पहिल्याच भेटीत सांगावे, तो प्रत्यक्ष दाखवावा आणि पहिले काही दिवस घरातील एकाने दोघांसोबत थांबावे. मुलाच्या अंगावर ती प्रेमाने हात फिरवते की नाही, हे सगळेच पाहतात. पायात घुटमळणाऱ्या कुत्र्याला ती कशी बाजूला सारते, तेही त्या दिवसांत पाहून घ्यावे.