एकस्रोत प्रलेखन

एकस्रोत प्रलेखन : तांत्रिक माहिती एकाच मूळ फाइलमध्ये ठेवून तिच्यापासून पुस्तिका, वेबपृष्ठ, लेबल अशी अनेक रूपे संगणकाद्वारे तयार करण्याची पद्धत. आशय व मांडणी वेगळी ठेवणे हे तिचे मूलतत्त्व. एसजीएमएल (१९८६) व एक्सएमएल (१९९८) ही चिन्हांकन-भाषांची मानके त्यावरच उभी आहेत.

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील रासायनिक कारखान्यांसाठी ही पद्धत निव्वळ सोय नसून सुरक्षिततेची गरज ठरते. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात आलेल्या ४१-ख कलमाने धोक्यांची माहिती कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक प्राधिकरण व आसपासचे रहिवासी या सर्वांना देणे बंधनकारक केले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी सुरक्षा माहितीपत्रक व लेबल यांची भर घातली. द्रावकाचे पेट घेण्याचे तापमान इतक्या ठिकाणी हाताने उतरवले, तर दुरुस्ती कुठेतरी राहून जाते आणि जुना आकडा अग्निशामकाच्या हाती पडू शकतो. मूळ फाइलमधील चूक सर्वत्र पसरते, हा आक्षेप खरा आहे. पण ती एकदा सुधारली की नव्याने काढलेल्या प्रत्येक रूपातून जाते आणि तपासणीही एकाच जागी काटेकोर करता येते. अभियंत्याला कोष्टक हवे, कामगाराला मराठी-हिंदी सूचना आणि शेजारच्या उल्हासनगरच्या काही रहिवाशांना सिंधी. एकच मजकूर सर्वांना पुरत नाही, हेही रास्त. म्हणून आकडे एकदाच नोंदवावेत, वाक्ये मात्र वाचकागणिक स्वतंत्र लिहावीत.